तिला पाहुणी करू नकोस

अगं, परवा तुझा फोन आल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. तू एनएसएसची गटप्रमुख झालीस, हिवाळी शिबिराची यादी तुझ्या हातात आली आणि त्या यादीत तुझ्या वर्गातली ती बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली, मुलगी नाही याची तुला चुटपुट लागली, हे मला फार आवडलं. "ताई, ती सगळ्यांशी गोड बोलते, पण कशातच येत नाही. तिला कसं आणू?" असं विचारलंस ना? घाईत धड बोलता आलं नाही, म्हणून बसून लिहितेय.

आधी एक कर. स्नेहसंमेलनात तिला स्टेजवर उभं करून 'आपल्या कॉलेजची ज्यू विद्यार्थिनी' म्हणून दोन शब्द बोलायला लावायचा जो बेत तुमच्या ग्रुपवर शिजतोय, तो थांबव. अख्ख्या देशात ज्यू उरलेत चार-पाच हजारांच्या आसपास, त्यातले बरेचसे मुंबई, ठाणे, पुण्याकडे. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढा तो सगळा समाज. अशा घरातल्या मुलीच्या मागे लहानपणापासून एक काम लागलेलं असतं, स्वतःला समजावून सांगण्याचं. नाव सांगितलं की "म्हणजे ख्रिश्चन का?", आडनाव सांगितलं की "अय्या, मग तू आपलीच की!" पेणकर, दिवेकर, किहीमकर, राजपूरकर अशी कोकणातल्या गावांची आडनावं त्यांची, घरात मराठी. कोकणात तेलाच्या घाण्यावर पिढ्यानपिढ्या राबलेली ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. पुण्यात १८७४ साली त्यांच्या वल्हांडण सणाचं पुस्तक, हागादा, हिब्रू आणि मराठीत चित्रांसह छापलं गेलं. एवढं जुनं नातं असूनही कॉलेजात पहिल्या दिवशी कुणीतरी तिला विचारतंच, "तुम्ही कुठल्या देशाचे?" तुला ते विचारायची गरज नाही. तिलाही तुझ्यासमोर तरी परीक्षा नको.

मग तिला आणायचं कसं? तू शेगाव आठव. गजानन महाराज संस्थानात सेवेला आलेल्या माणसाला कुणी ओळख करून द्यायला लावत नाही. आल्याआल्या काम मिळतं. कुणाकडे चपला सांभाळायचं, कुणाकडे महाप्रसादाच्या पंगतीत वाढायचं, कुणाकडे झाडू. इंजिनिअर असो की शेतमजूर, हाक एकच, 'माऊली'. आणि त्या सेवेसाठी लोक नंबर लावून थांबतात. आपण लहानपणापासून हे पाहत आलो, म्हणून त्याचं अप्रूप वाटत नाही. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. तिला काम दे, आणि नावापुरतं देऊ नकोस. हिशोबाची वही दे, आरोग्य तपासणीच्या दिवसाची आखणी दे, जे तिने नाही केलं तर अडेल असं काहीतरी दे.

सेवा तिच्यासाठी नवी गोष्ट आहे असं तर मुळीच समजू नकोस. तिच्याच समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड यांचं नाव ऐकलंयस? मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकल्या, लंडनला जाऊन एम.डी. झाल्या, पुढे मुंबईतल्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. बाळंतपणात बायका का मरतात याचा अभ्यास त्यांनी केला, तोही स्वातंत्र्याच्या आधी. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच समाजातल्या रिबेका रूबेन १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आल्या आणि नंतर कितीतरी वर्षं माझगावच्या सर एली कदूरी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्या शाळेचं मूळ हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली काढलेल्या इस्रायली शाळेत आहे. आज ज्यू मुलं थोडी उरली, तर तीच शाळा आसपासच्या मुसलमान वस्तीतल्या मुलांना शिकवते. मला विचारशील तर या समाजाबद्दलची मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट हीच आहे. आपली मुलं कमी झाली म्हणून त्यांनी शाळेला कुलूप घातलं नाही.

तेव्हा बोलावताना "आमच्यासोबत ये ना, तुला बरं वाटेल" असं म्हणू नकोस. "तुझी गरज आहे" म्हण, आणि ते खरं असू दे.

आता शनिवारचं. तुमचं शिबिर सात दिवसांचं, म्हणजे शनिवार चुकत नाही. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ लागतो, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. कुणी तो काटेकोर पाळतं, कुणी घरापुरता, कुणी नाही. तिचं काय हे तिलाच विचार, एकटीला, कँटीनमध्ये चारचौघात नको. माझ्या पुण्याच्या दिवसांत आमच्या गटात अशी एक मैत्रीण होती. शिबिरात जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम, आम्ही मुली एका वर्गखोलीत, फळ्यावर दुसरीचे पाढे तसेच. शुक्रवारी दिवेलागणीला ती कोपऱ्यातल्या बाकावर दोन मेणबत्त्या लावायची. आमच्या मॅडमनी आधीच खिडकीशी रचलेल्या सतरंज्या लांब हलवून घेतल्या होत्या, आग लागू नये म्हणून. एवढंच. कुणी फोटो काढला नाही, कुणी "म्हणजे नेमकं काय करतेस?" विचारलं नाही. शनिवारी आम्ही चर खणत होतो तेव्हा ती गावातल्या म्हाताऱ्यांजवळ ओट्यावर बसून गप्पा मारायची, आणि रविवारी सगळ्यांच्या आधी टिकाव तिच्या हातात असायचा. गावातल्या कोणत्या घरी बाळंतीण आहे, कुणाचं औषध संपलंय, हे आम्हाला त्या शनिवारच्या गप्पांतूनच कळलं. सर्वेक्षणाच्या छापील फॉर्ममधून नाही कळलं.

तर तुमच्या एनएसएसच्या सरांना आत्ताच सांग की शनिवारचं श्रमदान चुकलं म्हणून तिची हजेरी कापू नका. दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, एका शनिवारचे तास दुसऱ्या दिवशी सहज भरून निघतात.

जेवणाचं फार काही नसतं. मटण आणि दूधदुभतं एकत्र चालत नाही, खवले नसलेली मासळी चालत नाही, म्हणून त्यांच्या घरी मटणाच्या जेवणावर गोड करायचं झालं तर नारळाच्या दुधात करतात. शिबिरात पिठलं-भाकरी, वरण-भात असतो, त्यात अडचण यायचं कारण नाही. पण विचारून ठेव. आणि चुकून तिच्याकडून कधी मलिद्याचं आमंत्रण आलं, तर नाही म्हणू नकोस बाई. गोड पोहे, खोबरं, फळं ताटात मांडून एलियाहू हनबी या प्रेषिताचं नाव घेऊन आभार मानतात. घरात चांगलं काही झालं की करतात, आणि त्याला बोलावणं म्हणजे तुला घरातली धरणं.

तारखांकडे लक्ष दे, इथेच सगळ्यात जास्त दुखावलं जातं. एनएसएसचा स्थापना दिवस २४ सप्टेंबर, १९६९ पासूनचा. २०२५ मध्ये तो नेमका त्यांच्या नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी आला. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून मोजून दहाव्या दिवशी योम किप्पूर, म्हणजे दिवस-रात्र अन्नपाण्याविना उपास. त्यांच्या कॅलेंडरचे महिने चंद्रावर चालतात, त्यामुळे दरवर्षी तारीख हलते, पण सप्टेंबर-ऑक्टोबर ठरलेला. त्याच सुमाराला तुमच्या इंटर्नल परीक्षा. ती तोंड उघडून सांगणार नाही, कारण एका मुलीसाठी वेळापत्रक कोण बदलणार असं तिला वाटत असणार. वर्गप्रतिनिधीने आधीच जाऊन सांगितलं तर बदलतंही. आणखी एक, २०१६ पासून महाराष्ट्रात ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा आहे. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला ऑफिसात जाताना तिच्यासोबत जा. खिडकीमागच्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही, आणि एकटीने तिथे वाद घालणं फार दमवणारं असतं.

एक नाजूक बोलते. तिकडे पश्चिम आशियात लढाई पेटली की इकडे कॉलेजच्या ग्रुपवर तिला जाब विचारला जातो. तिचं मत काहीही असेल, तुझं काहीही असेल. रायगडमधून आलेल्या घरातल्या वीस वर्षांच्या मुलीने दुसऱ्या देशाच्या सरकारच्या वतीने उत्तरं द्यावीत, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. तू गटप्रमुख आहेस, तिथे तू बोल. तुमच्याच वर्गातल्या मुसलमान मैत्रिणीलाही असंच कुणीतरी कधीतरी घेरतं, तेव्हाही बोल.

तिच्या आईशीही तुमच्या शिबिराच्या मॅडमना फोनवर बोलायला सांग. मुलगी सात दिवस बाहेर राहणार ही काळजी आपल्या आईलाही होतीच की. पण त्यांच्या घरात अजून एक काळजी असते. निम्मे नातलग इस्रायलला गेलेले, सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष जमवताना मारामार, आणि त्यात पोर कॉलेजच्या वाऱ्याला लागून दुरावली तर? अमेरिकेत हीच काळजी मोठ्या विद्यापीठांमध्ये होती. म्हणून १९२३ साली इलिनॉय विद्यापीठात हिलेल नावाची संस्था सुरू झाली, ज्यू विद्यार्थ्यांना कॉलेजच्या आवारातच आपली म्हणून एक जागा मिळावी म्हणून. तिथेही पुढे पोरं नुसत्या व्याख्यानांना नाही, कामालाही यायला लागली. चक्रीवादळात पडलेली घरं उभारायला सुट्टीत गटागटाने गेली. पुण्या-मुंबईकडे एका कॉलेजात अशी एकच मुलगी असते, तिच्यासाठी कुठली संस्था उघडणार? ती जागा तुम्हा मैत्रिणींनाच करावी लागेल.

तुम्हाला तिच्या समाजासाठी काही करायचं असेल तर तिने म्हटल्याशिवाय करू नका. तिने म्हटलं, तर कामं खूप आहेत. जुन्या दफनभूमींमधले मराठी-हिब्रू कोरलेले दगड गवतात गेलेत, ते साफ करून वाचून ठेवायला तरुण हात हवेत. पुण्यातलं लाल देऊळ, म्हणजे डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेलं आणि १८६७ च्या सुमारास पूर्ण झालेलं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, बघायला गट न्यायचा असेल तर आधी परवानगी आणि ओळखपत्रं. २००८ मध्ये मुंबईत नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर झालेल्या हल्ल्यानंतर तिथे बंदोबस्त असतो, त्यात रागवण्यासारखं काही नाही.

झाडांचंही तिला विचार. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचा झाडांचा सण असतो, तेव्हा ते अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनबीच्या खडकापाशी जातात. तुमच्या दत्तक गावात पावसाळ्यात लावलेली रोपं त्याच महिन्यांत मान टाकायला लागतात. आपल्याकडे मोताळ्याच्या बाजूला करतात तसं करा. मडक्याच्या बुडाला बारीक भोक, त्यात सुती वात, मडकं रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचं आणि वर झाकण. आठवड्यातून एक-दोनदा भरलं तरी रोप तगतं. हे काम तिच्याकडे दे आणि वर्षभर राहू दे.

आणि दिवाळीच्या सुट्टीत तिला घरी आण. आईला मी सांगून ठेवलंय, सगळं शाकाहारीच करू, वांग्याचं भरीत, ठेचा, भाकरी. लोणारला सरोवराकडे खाली उतरायचं तर तिला बूट आणायला सांग, चपलांवर ती पायवाट जमत नाही. सिंदखेडराजाला जिजाऊंचा वाडाही दाखवू. फक्त पुण्याहून रात्रीच्या गाडीचं रिझर्वेशन शुक्रवारचं करू नकोस. शनिवारी रात्री निघा, रविवारी सकाळी मी स्टँडवर येते.