पट्टी बघण्याआधी घर विचारा

बीड जिल्ह्यात फिजिशियन म्हणून आयुष्य गेलं. ईसीजीची पट्टी हातात घेऊन घाबरून आलेली माणसं पाहिली, तशीच घरातलं तरणंताठं माणूस अचानक गेलेली घरंही पाहिली. त्यातून पक्क्या झालेल्या या गोष्टी.

१. यंत्राच्या शेऱ्याने झोप उडवू नका. पट्टीवर ‘अॅबनॉर्मल’ असं यंत्रच छापतं. ऊसतोडीत घाम गाळणाऱ्याचे ठोके मिनिटाला पन्नास असतात, तरण्या पोरांत एसटीचा भाग जरा उचललेला दिसतो, मधेच एखादा जादा ठोका येतो. धडधाकट माणसात यातलं बहुतेक निरुपद्रवी असतं.

२. काही रेषा मात्र ‘बघू पुढच्या खेपेला’ म्हणून सोडायच्या नसतात. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय विजेच्या दृष्टीने पुन्हा तयार व्हायला जो वेळ घेतं, तो पट्टीवरच्या क्यूटी या अंतरात दिसतो. ठोक्यांच्या वेगाचा हिशेब धरून तो ५०० मिलिसेकंदांवर गेला की धोका मोठा. १९९२ साली ब्रुगाडा बंधूंनी वर्णन केलेली उजव्या बाजूच्या लीड्समधली एसटीची चढण दिसली, तरी हृदयरोगतज्ज्ञ गाठावा.

३. पट्टीइतकंच घर बोलतं. चाळिशीच्या आत कोणी झोपेत किंवा पळताना गेलं का, हे मी आधी विचारतो. एक आई जन्मतः बहिऱ्या मुलीला घेऊन आली. “पळाली की पडतीय, डॉक्टरसाहेब. फिटच्या गोळ्या चालू हायेत.” आईबाप मामे-आत्येभावंडं. पट्टीवर टी लहर पुढच्या ठोक्याला टेकत आलेली. बहिरेपण आणि लांब क्यूटी यांची ही जोडी १९५७ साली नॉर्वेत नोंदली गेली. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलं की ती होते. बीटा-ब्लॉकर सुरू केलं, तिला पुढे पाठवलं आणि भावंडांच्याही पट्ट्या काढल्या. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न नवं नाही. म्हणून बहिरं मूल भोवळ येऊन पडत असेल, तर ईसीजी काढाच.

४. औषधांची चिठ्ठी तपासा. जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम उतरतं. त्यातच अॅझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन, वर उलटीचं ऑन्डॅनसेट्रॉन दिलं, तर क्यूटी आणखी लांबतो. फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेल्याचीही पट्टी पुन्हा पुन्हा बघावी लागते.

५. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनो, १६०० मीटर पळताना दम सगळ्यांनाच लागतो. पण पळतापळता शुद्ध हरपली, तर ‘उपाशी होतो’ म्हणून सोडून देऊ नका. ईसीजी आणि टूडी इको करा. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंची पट्टी सक्तीने काढतात.

६. चांगली पट्टी म्हणजे जन्माची हमी नव्हे. चाळिशीनंतर अचानक मृत्यूचं मोठं कारण म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार. तिथे बीपी, साखर आणि खिशातली तंबाखूची पुडी यांचा हिशेब आधी.

७. अचानक जाणाऱ्यांत बरेच जण असे, की ज्यांना धोका आहे हे आधी कुणालाच ठाऊक नव्हतं. माणूस कोसळला, हाक मारून उठेना, श्वास नीट नाही, तर १०८ ला फोन लावा आणि लगेच छातीच्या मधोमध दाबायला लागा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल. तसंच पडून राहू दिलं, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. वाडी-तांड्यावर गाडी पोचेपर्यंतचा वेळ गावकऱ्यांच्याच हातात असतो. म्हणून हे शिक्षण आधी कारखान्यावर, शाळेत आणि भरतीच्या मैदानावर द्यायला हवं.