शिकण्यासाठी परराज्यात जाणारा नोकर आणि त्याच्या सेवेची बाकी

दिवाळीत नवी वही घालताना जुन्या वहीतील बाकी आपण पुढे ओढतो. सरकारी वर्ष एप्रिलपासून धरले जाऊ लागले तरी वहीपूजनाचा हा संस्कार आपल्या घरांतून गेलेला नाही. वही बदलली म्हणून देणे बुडत नाही, हे आपल्या लहान मुलांसही ठाऊक असते. हाच न्याय आपण पेढीवरील माणसाच्या सेवेस लावतो काय, हा प्रश्न आम्ही सभासद बंधुभगिनींपुढे विचारार्थ ठेवीत आहोत.

असे समजा की, नागपूरच्या एका पेढीवर घरपोच माल देणारा एक तरुण चार वर्षे इमानाने काम करीत आहे. त्यास भोपाळच्या महाविद्यालयात तीन वर्षांच्या पदवीसाठी प्रवेश मिळतो. पेढीचे दुसरे दुकान भोपाळच्या कोलार रोडवर आहे. तो शेटजींस विनवितो, ‘‘मला तिकडे काम द्या; सकाळी शिकेन, दुपारनंतर माल पोहोचवीन.’’ शेटजी मोठ्या मनाने होकार देतात. मुनीमजी रिवाजाप्रमाणे एका कागदावर राजीनामा लिहून घेतात आणि भोपाळच्या हजेरीपटावर त्याचे नाव नवा नोकर म्हणून चढवितात. कोणाच्याही मनात कपट नाही. परंतु त्या एका कागदाने चार वर्षे पुसली जातात.

ती कशी, ते हिशेबानेच पाहू. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या दुकानास उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, कायदा लागू होतो. कायम नोकराची सलग पाच वर्षे भरली की दर वर्षास पंधरा दिवसांचे वेतन, महिन्याचे सव्वीस दिवस धरून, त्यास देणे लागते. 1972 च्या कायद्यातील हा नियम 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे; मुदतबंद नेमणुकीचा नियम तेवढा निराळा. वेतन 13,000 रुपये धरले तर एका वर्षाचे 7,500 रुपये होतात. नागपूरची चार व भोपाळची तीन मिळून सात वर्षांचे 52,500 रुपये झाले. मध्ये राजीनामा असेल तर एकीकडे चार, दुसरीकडे तीन. पाच कोठेच नाहीत आणि हाती शून्य. आणखी एक बारकावा असा की, हा हिशेब शेवटच्या वेतनावर होतो. भोपाळमध्ये अर्धवेळ कामामुळे वेतन उतरले, तर उपदानही उतरते. हे त्या मुलास निघण्यापूर्वीच सांगावयास हवे.

येथे आपल्या समाजातील एक विशेष अडचण आहे. नागपूरची गादी थोरल्या भावाची, कोलार रोडचे दुकान धाकट्याचे. सणावारी चूल एक, पण कायद्याच्या दृष्टीने पेढ्या दोन. अशा वेळी ‘‘अरे, घरचेच तर दुकान!’’ हे आश्वासन प्रेमाचे असले तरी कागदावर त्यास आधार नसतो. पेढी एकच असेल तर बदलीचा आदेश पुरतो. पेढ्या वेगळ्या असतील तर नव्या मालकाने ‘पूर्वीची चार वर्षे आम्ही धरू’ असे लेखी द्यावे, किंवा मुलास खरी स्थिती स्पष्ट सांगावी. तिसरा मार्ग आम्हांस दिसत नाही.

भोपाळमधील मराठी कुटुंबांना हा विषय परका नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानी भोपाळला आली आणि तिच्यामागोमाग नागपूरचे कितीतरी मराठी कर्मचारी बिऱ्हाड घेऊन तात्या टोपे नगरच्या सरकारी घरांत राहावयास आले. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 115 अन्वये केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून त्यांच्या सेवाशर्ती त्यांच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येत नव्हत्या. राज्य बदलले, पण सेवेची बाकी पुढे ओढली गेली. तात्या टोपे नगरापासून फार दूर नसलेल्या कोलार रोडवर आज दाट वस्ती व दुकाने झाली आहेत. भोपाळला पाणी देणाऱ्या कोलार धरणाचे नाव मिरविणाऱ्या त्याच रस्त्याने आता पाठीवर पेटी घेतलेली मुले फिरत असतात. कारकुनास मिळालेले ते संरक्षण या मुलांस मिळाले काय?

सर्वांस मिळालेले नाही. माथाडी कामगारांचेच पाहा. अण्णासाहेब पाटील यांच्या संघटनेच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा झाला. त्यायोगे मालकाने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरावी, मंडळाने मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस यांची व्यवस्था करावी, अशी रीत पडली. ओझे वाहणाऱ्या माणसाच्या संरक्षणाची ही थोर व्यवस्था होय. परंतु कायदा महाराष्ट्राचा आहे. नोंदणी मंडळाची, जागा टोळीतील. दोन्हीही मध्यप्रदेशात चालत नाहीत. नोंदणीकृत हमालाच्या मुलाने किंवा स्वतः हमालाने भोपाळचा रस्ता धरण्यापूर्वी आपल्या मंडळाकडून जमा रकमेचा व नोंदणीचा लेखी खुलासा घ्यावा, आणि व्यापाऱ्याने त्यासाठी त्यास एक दिवसाची भरपगारी सुटी द्यावी.

भविष्यनिर्वाह निधीची गोष्ट पुष्कळ सोपी झाली आहे. 2014 पासून सभासदास मिळणारा सार्वत्रिक खाते क्रमांक देशभर तोच राहतो. शिक्षणाची फी भरण्यासाठी सगळी रक्कम काढून खाते मिटविण्याचा मोह मात्र आवरावा. निवृत्तिवेतनास दहा वर्षांची सेवा लागते आणि मिटविलेली वर्षे तीत धरली जात नाहीत.

आता ज्येष्ठतेचा प्रश्न, आणि येथे मालकाचीही बाजू आहे. कोलार रोडच्या दुकानात दोन वर्षे राबणाऱ्यास, नागपूरहून आलेला चार वर्षांचा माणूस आपल्या वर बसला तर रुचेल काय? आपल्या रेल्वेत स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या विभागात गेलेल्या कर्मचाऱ्याची सेवा निवृत्तिवेतनासाठी धरली जाते, पण नव्या जागी ज्येष्ठतेत तो सर्वांत खाली बसतो. अमेरिकेत युपीएस या माल पोहोचविणाऱ्या कंपनीचा टीमस्टर्स या कामगार संघटनेशी करार आहे. त्यातही अर्धवेळ कामगारास शिक्षणासाठी दुसऱ्या गावी बदली मागता येते, आणि तेथेही तत्त्व हेच आहे. जुनी वर्षे हक्काच्या सवलतींसाठी जमा, कामाच्या पाळीसाठी मात्र रांगेच्या शेवटी. आम्हांस ही वाटणी न्याय्य वाटते. मात्र ती आधी सांगितलेली असावी, कारण माणसे कमी करण्याची वेळ आली तर शेवटी आलेला आधी जातो, हा कायद्याचा सामान्य नियम आहे.

मोबाईलवरील कंपन्यांसाठी माल पोहोचविणाऱ्या मुलांस बदलीही नाही नि राजीनामाही नाही. शहर बदलले की काम तेथे पुन्हा सुरू. ऑगस्ट 2021 मध्ये सुरू झालेली ई-श्रम नोंदणी देशभर चालते, तेवढी त्यांनी अवश्य करावी. राजस्थानने 2023 मध्ये अशा कामगारांसाठी केलेला स्वतंत्र कायदा राजस्थानपुरताच आहे.

अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण सांगितले आहे. पेलणार नाही एवढे ओझे लादणे हा दोष आपण बैलगाडीच्या काळापासून ऐकत आलो. परीक्षेच्या आठवड्यात मुलास रात्री अकरापर्यंत फेऱ्या करावयास लावणे हे त्याहून वेगळे नाही, असे आमचे मत आहे. अचौर्याणुव्रतातील विरुद्धराज्यातिक्रम हा अतिचार राज्याचे नियम चुकविण्याविषयी आहे. भोपाळच्या दुकानात मध्यप्रदेशाचे किमान वेतन व तेथील गुमास्ता नोंदणी पाळणे त्यात आलेच.

मुनीमजींनी लिहावयाचा कागद फार मोठा नाही. ‘कर्मचाऱ्याच्या विनंतीवरून, शिक्षणासाठी, अमुक तारखेपासून कोलार रोड दुकानी बदली; मूळ नेमणुकीची तारीख अमुक; सेवा अखंड धरली जाईल; वेतन, कामाचे तास व परीक्षेची रजा अमुक; शिक्षण संपल्यावर परत येण्याची इच्छा असल्यास जागा असेल तेव्हा प्रथम विचार.’ दोन प्रती कराव्यात. एक दफ्तरी राहील. दुसरी, सही-शिक्क्यासह, गाडीत बसण्यापूर्वी त्या मुलाच्या हाती द्यावी.