पांझराकांठचे फड : एक जुनें बागायत आणि त्याचें जतन

चहाचा मळा म्हटला म्हणजे आसाम डोळ्यांपुढें येतो. दूरवर पसरलेलें एकच पीक आणि त्याचा एकच धनी! आपल्या खानदेशांतहि एका पिकाचीं अशीं विस्तीर्ण बागायतें आहेत. मात्र त्यांचे धनी अनेक असतात. या व्यवस्थेस 'फड' म्हणतात. धुळें जिल्ह्यांत पांझरा नदीच्या कांठीं, तसेंच शेजारच्या नाशिक जिल्ह्यांत मोसम व आरम या नद्यांच्या कांठीं, ती सुमारें ३०० ते ४०० वर्षांपूर्वीं सुरू झाली असें मानतात. म्हणजे इ. स. १८१८ मध्यें खानदेश इंग्रजी अमलाखालीं आला, त्याच्या कितीतरी पूर्वीं.

प्रथम तिची बांधणी पाहूं. नदीवर बुटका दगडी बंधारा घालून पाण्याची पातळी उंचावितात व तें कालव्यांत वळवितात. कालव्यांतून चाऱ्यांत, चाऱ्यांतून सारंगांत आणि तेथून शेतांत, असा पाण्याचा प्रवास होतो. अधिक झालेलें पाणी 'सांडम' वाटे पुन्हां नदीस मिळतें. हें सारें केवळ उताराच्या बळावर. मोट नको कीं यंत्र नको.

भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा चार भाग करितात. प्रत्येक भाग म्हणजे एक फड, आणि एका फडांत एका हंगामांत एकच पीक. यंदा या फडांत ऊंस असला, तर पुढें तो दुसऱ्यांत जातो. त्यामुळें जमीन थकत नाहीं; शिवाय शेजारच्या सर्व शेतांस सारखेंच पाणी लागत असल्यानें वांटणी सोपी होते. पाणी शेतकरी स्वतः घेत नाहीं. सर्वांनीं नेमलेला पाटकरी क्रमानें शेतें भिजवितो. अमुक शेत कोणाचें, हें तो पाहत नाहीं. त्याचें वेतन पूर्वीं धान्यरूपानें मिळे.

पाऊस कमी झाला तर काय? अनेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असते. टंचाईच्या वर्षीं सर्वजण मिळून एखादा फड कोरडा ठेवितात. तोटा एकाच्याच पदरीं न पडतां वांटला जातो. फडाचें मर्म तें हेंच.

मग हे फड मोडूं कां लागले? विहिरी खणल्या गेल्या, विजेचे पंप आले, आणि ज्याला त्याला स्वतःचें पाणी मिळूं लागलें. नदीच्या वरच्या भागांत धरणें झालीं व तिचा प्रवाह बदलला. कालव्यांतील गाळ काढण्यास माणसें जमेनाशीं झालीं. परंतु त्याच कालव्याचा पाझर कांठच्या विहिरींना मिळत असतो, हें विसरून चालणार नाहीं. कालवा बुजला म्हणजे विहिरीचेंहि पाणी उतरतें.

दगडी भिंतीची डागडुजी सरकार करूं शकेल. गाळ काढण्याचा व पाळी पाळण्याचा करार मात्र गांवानेंच जपावा लागतो. २००५ सालीं महाराष्ट्रांत सिंचनाचें व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे सोंपविणारा कायदा झाला. त्या कायद्यास अभिप्रेत असलेला कारभार फडकरी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते.

ज्यांचें गांव बंधाऱ्याजवळ आहे, त्यांनीं सुटींत वडिलांसह कालव्याच्या मुखापासून अखेरच्या शेतापर्यंत चालत जावें. वाटेंत भेटणाऱ्या वृद्धांस फडांचीं नांवें, पिकांचा क्रम व पाटकऱ्याच्या कामाची रीत विचारून वहींत टिपून ठेवावी. पालकांनींहि या कामीं मुलांस साहाय्य करावें. हें ज्ञान बव्हंशीं तोंडींच आहे, आणि तें सांगणारीं माणसें दरवर्षीं कमी होत आहेत.