सेवा आधी, पदक नंतर



महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरी राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजेच एन.एस.एस., परिचयाची आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. योजनेत उत्तम सेवा करणाऱ्यांसाठी १९९३-९४ पासून राष्ट्रीय पुरस्कार आहेत.

“एवढ्यांतून आपल्याच मुलाला पुरस्कार थोडाच मिळणार? मग अभ्यासाचा वेळ का घालवायचा?” असे आपण पालक सहज म्हणतो. पण हिशेब पाहू या. दोन वर्षांत २४० तास सेवा, म्हणजे आठवड्याला जेमतेम अडीच तास. शिवाय सात दिवसांचे एक शिबिर. नवी पेठेत वाढलेले मूल त्या शिबिरात खेड्यात राहते, हातात झाडू-फावडे घेते, दुसऱ्याची अडचण जवळून पाहते. हे पदकावाचूनही त्याच्यापाशी उरते.

“मी नव्हे, तुम्ही” हे योजनेचे बोधवाक्य. प्रभू येशूनेही दिखाव्यासाठी दानधर्म करू नका असेच शिकवले. पुरस्कार मिळाला तर आनंदाने घ्यावा. पण त्यासाठी सेवा करू नये, आणि तो मिळणार नाही म्हणून सेवा सोडूही नये.

यंदा नाव नोंदवायला निघालेल्या मुलांना आपण अडवू नये. उलट, शिबिराहून परतल्यावर विचारावे, “काय मिळाले?” असे नव्हे, तर “कोणाच्या उपयोगी पडलास?”