मोहरीची उशी आणि बाळाची निद्रा

प्रश्न : औद्योगिक वसाहतीलगतच्या चाळीत आमची एकच खोली आहे. तान्ह्या बाळाला सासूबाई मोहरीच्या उशीवर, आम्हा दोघांच्या मध्ये निजवतात. हे योग्य आहे काय? (एक माता, वालीव)

उत्तर : खोली एकच असल्याचा विषाद नसावा, कारण पहिले सहा महिने तरी बाळाने मातापित्यांच्याच खोलीत, परंतु स्वतंत्र अंथरुणावर निजावे, अशीच बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे. आपल्या अंथरुणाशेजारी, हात पोहोचेल अशा अंतरावर, न दबणाऱ्या पातळ गादीवर चादर ताणून खोचावी आणि बाळास तीवर नेहमी उताणेच निजवावे. १९९२ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने बाळांस पालथे न निजवण्याचा सल्ला दिल्यानंतर तेथील निद्रेतील आकस्मिक मृत्यू दशकभरात जवळजवळ निम्म्यावर आले. उताणे निजल्यास दूध घशात अडकेल ही भीती निराधार आहे, कारण त्या स्थितीत श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर राहते.

मोहरीच्या उशीमागील सासूबाईंची माया मान्य करूनही ती उशी, जाड गोधडी व घरातील कुंची ह्यांस रजा द्यावी. डोक्याच्या आकारासाठी बाळ जागे असता त्यास आपल्या देखत थोडा वेळ पालथे ठेवणे पुरते. झोळीत हनुवटी छातीवर टेकून श्वास कोंडतो, म्हणून तीही टाळावी. मच्छरदाणी मात्र अवश्य, ताणून बांधलेली. यजमान विडी वा मद्य घेत असतील, तर एका अंथरुणाची मुभा मुळीच नाही. रात्री पाजताना डोळा लागलाच, तर जाग येताच बाळास त्याच्या गादीवर ठेवावे.