बैलाच्या शिंगाचा कर्करोग व त्यावरील शस्त्रक्रिया

साक्री तालुक्यात पांझरा व कान या नद्यांच्या काठापासून पश्चिमेकडील डोंगराळ भागापर्यंत आजही पुष्कळ शेतकऱ्यांची नांगरणी व कोळपणी बैलजोडीवर चालते. जोडीतील एक बैल बसला की दुसराही दावणीलाच उभा राहतो. ऐन उमेदीच्या बैलाला असे निकामी करणाऱ्या रोगांत शिंगाचा कर्करोग हा एक होय. तो आरंभी ओळखल्यास शस्त्रक्रियेने बैल वाचतो व पुन्हा जुंपता येतो. विलंब झाल्यास मात्र शिंगाबरोबर बैलही गमवावा लागतो.

रोगाचे स्वरूप

शिंगाच्या कवचाखाली हाडाचा गाभा असतो. मोठ्या जनावरात हा गाभा पोकळ असून ती पोकळी कपाळातील पोकळीला जोडलेली असते. तिच्या आतील नाजूक अस्तरात, बहुधा शिंगाच्या बुडाशी, या रोगाची गाठ उत्पन्न होते व हाड पोखरीत पसरते. गाई व वळू यांपेक्षा खच्ची केलेल्या बैलांत हा रोग अधिक आढळतो. साधारणपणे ५ ते १० वर्षे वयाची, लांब व जाड शिंगांची जनावरे त्यास बळी पडतात. बहुतेक वेळा एकच शिंग बाधित होते. रोगाचे एकच एक कारण सिद्ध झालेले नाही. शिंगाला वारंवार होणारी इजा, ती खोल साळण्याची पद्धत व शरीरातील संप्रेरके यांचा त्याच्याशी संबंध जोडला जातो. हा रोग संसर्गजन्य नाही; तो शेजारच्या जनावरास किंवा माणसास होत नाही.

लक्षणे

प्रथम बैल वारंवार डोके हलवितो, शिंग झाडाला किंवा खुंटाला घासतो व मान एका बाजूस कलती धरतो. त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो. शिंगाचे बूड गरम व मऊ लागते, आणि तेथे हात लावू दिला जात नाही. दोन्ही शिंगांवर हलकेच टिचकी मारली असता रोगट शिंगाचा आवाज भरीव येतो. पुढे शिंग खिळखिळे होऊन एका बाजूस लवते व शेवटी गळून पडते. त्या जागी फुलकोबीच्या गड्ड्यासारखी वाढ दिसते. ती चटकन रक्ताळते, चिघळते, तिला दुर्गंधी येते व माशा बसून किडे पडतात.

या जखमेला साधी जखम समजून डाग देणे, चुना, मोरचूद किंवा रॉकेल भरणे हे घातक आहे. त्यामुळे गाठ नाहीशी होत नाही. वेदना वाढतात आणि मोलाचे दिवस वाया जातात. गावच्या करवतीने शिंग कापून घेणेही तितकेच चुकीचे, कारण कपाळाची पोकळी उघडी राहून आत पू होतो आणि रोगट भाग तसाच उरतो.

शस्त्रक्रिया

जखमेत किडे असल्यास पशुवैद्य प्रथम ते काढून जखम स्वच्छ करतात. शस्त्रक्रियेपूर्वी बैलाला किती वेळ उपाशी ठेवावयाचे हे ते सांगतील, त्याचे काटेकोर पालन करावे. गुंगीचे औषध देऊन डोळा व शिंगाचे बूड यांमधील मज्जातंतूजवळ बधिरतेचे इंजेक्शन देतात. नंतर बुडाभोवतीची कातडी सोडवून शिंग तारेच्या करवतीने कपाळाच्या हाडालगत कापतात. रक्तस्राव थांबवून पोकळीत शिरलेली रोगट वाढ काढून टाकतात, व कातडी ओढून टाके घालतात. काही जनावरांना पुढे व्हिन्क्रिस्टीन या औषधाची इंजेक्शने ठरावीक अंतराने देतात. ती केवळ पशुवैद्यानेच द्यावयाची असतात.

यानंतर जंतुनाशक औषधांचा क्रम मध्येच सोडू नये. बैल कोरड्या, स्वच्छ जागी इतर जनावरांपासून दूर, गळ्याला दावे बांधून ठेवावा. जखमेवर माशा बसू देऊ नयेत. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. जखम पूर्ण भरून पशुवैद्याने अनुमती दिल्याखेरीज बैल जुंपू नये.

फलित

गाठ शिंगाच्या बुडापुरती असताना केलेल्या शस्त्रक्रियेचे फळ चांगले मिळते. जू मानेवर बसते, त्यामुळे एक शिंग गेल्याने कामात उणे येत नाही. रोग कपाळाच्या पोकळीत पसरला असेल तर तो उलटण्याचा संभव बराच असतो. कानाखालील गाठ सुजली असेल, तर रोग पुढे सरकल्याची शंका घ्यावी. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही काही महिने त्या जागेची व नाकपुडीची नियमित पाहणी करावी. ‘सुगी उरकू दे, मग पाहू’ असे म्हणून थांबणाऱ्याच्या हातून नेमका उपयोगाचा काळ निसटतो.

पोळ्याची संधी

खानदेशात पोळ्याला प्रत्येक बैल धुतला जातो व त्याची शिंगे रंगविली जातात. रंग लावण्यापूर्वी दोन्ही शिंगांची बुडे हाताने चाचपून पाहावीत, टिचकी मारून आवाज ताडून पाहावा व नाकपुड्या तपासाव्यात. शिंगे खोल साळू नयेत. ग्राम कार्यकर्त्यांनी या दिवसांत गावातील बैलांची पाहणी करून संशयित जनावरांची नोंद करावी आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. १९६२ या निःशुल्क क्रमांकावरही पशुवैद्यकीय साहाय्य मागता येते. नाकपुडीतील रक्त जळवेमुळे किंवा अन्य विकारानेही येऊ शकते; परंतु त्याचा निर्णय पशुवैद्यावर सोपवावा, आणि तो त्याच आठवड्यात करून घ्यावा.