भट्टीतील अँकर आणि पेटंटची परीक्षा

परळी वैजनाथच्या औष्णिक वीज केंद्रात किंवा बीड जिल्ह्यातील साखर कारखान्यांत बॉयलरचे अग्निरोधक अस्तर पोलादी पत्र्याला धरून ठेवणारी सळई म्हणजे अँकर होय. तापल्यावर ही सळई अस्तराहून अधिक प्रसरण पावते. म्हणून तिच्या टोकांना मेण किंवा डांबर लावतात. ते जळून गेले की फुगण्यास जागा राहते.

एखाद्या कारागिराने सळईला नवा बाक दिला, तर पेटंट मिळेल काय? १९७० च्या कायद्यान्वये परीक्षक नावीन्य, जाणकारालाही सहज न सुचणारी कल्पकता आणि औद्योगिक उपयोग पाहतो. ज्ञात भागांची निव्वळ फेरमांडणी पुरेशी नसते. अर्जाखेरीज परीक्षणाची विनंतीही स्वतंत्रपणे करावी लागते.

कारागिराचा उत्साह मात्र बहुधा आधीच घात करतो. अर्जापूर्वी अँकर उघडपणे विकला गेला, की नावीन्य सामान्यतः संपते. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात.